"काही करत नाही हो तो!" म्हणण्याआधी

आमची ठमी देशी कुत्री आहे. पिल्लू असताना गल्लीतल्या मोठ्या कुत्र्यांनी तिला चांगलंच फाडलं होतं. माणसांवर तिचा फार जीव, पण दुसरं कुत्रं जवळ आलं की तिचं अंग ताठ होतं. कोथरूडच्या गल्ल्यांत तिला फिरवताना हमखास कुणीतरी लांबून ओरडतं, "काही करत नाही हो तो!" आणि मागोमाग एखादा लॅब्रॅडोर उड्या मारत येतो. तो काही करत नाही, हे मला मान्य आहे. पण ठमीला ते कोण सांगणार? गळ्यात लीश असल्यामुळे तिला पळताही येत नाही. मग गुरगुरणं आणि दात दाखवणं एवढंच तिच्या हातात उरतं.

म्हणून समोर कुत्रं दिसलं की आधी आपली लीश आखूड धरा. लांब होत जाणारी लीश असेल तर लॉक करा. मग लांबूनच विचारा, "भेटवू का?" "नको" म्हटलं तर हसून पुढे जा, "का नको?" असं विचारत उभे राहू नका. तुम्ही उभे राहिलात की ते अंतर तेवढंच राहतं आणि घाबरलेल्या कुत्र्याला नेमकं तेच सोसत नाही.

किती अंतर पुरे, हे कुत्रंच सांगतं. भुंकणं फार नंतर येतं. त्याआधी उघडं तोंड मिटतं, कान मागे जातात, खायला काही नसताना जीभ नाकावरून फिरते, झोप आलेली नसताना जांभई येते. डोळ्याच्या कडेला पांढरं दिसू लागलं, किंवा कुत्रं जागच्या जागी थिजलं, की लगेच मागे सरा. नॉर्वेच्या प्रशिक्षक तुरिद रुगोस यांनी अशा खुणांवर बरंच लिहिलं आहे. कुत्री एकमेकांकडे सरळ चालून जात नाहीत, वळसा घेऊन जातात, हेही त्या सांगतात. आपणही तसंच करावं. रस्ता ओलांडावा, नाहीतर उभ्या गाड्यांची रांग मध्ये ठेवून जावं.

सोसायटीची लिफ्ट ही सगळ्यात अवघड जागा. दार उघडल्यावर आत कुत्रं दिसलं तर चार पावलं बाजूला व्हा, त्याला बाहेर पडू द्या, तुम्ही पुढच्या फेरीला जा. आत शिरून "होतील की दोस्त" असं कृपा करून म्हणू नका.

ज्यांच्या घरी अशी ठमी आहे त्यांनी मागे वळण्याचा सराव घरातच सुरू करावा. "चल" म्हणायचं, वळायचं, उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. पॅसेजमध्ये पक्कं झालं की जिन्यात, मग रिकाम्या गल्लीत. मोकळं कुत्रं अंगावर आलंच तर आपण मध्ये उभं राहावं आणि हात पुढे करून ठामपणे "थांब" म्हणावं. पळू नये. दिवाळीच्या फटाक्यांनंतर किंवा डॉक्टरांकडून आल्यावर कुत्र्याची सहनशक्ती काही दिवस कमीच असते, तेव्हा फेरी छोटी आणि शांत वेळेची ठेवावी.

लीशला पिवळी फीत बांधली की "मला जागा हवी आहे" असं समजायचं, ही पद्धत २०१२ च्या सुमारास स्वीडनमधल्या एका मोहिमेमुळे बऱ्याच देशांत पोचली. मीही बांधते. आपल्याकडे ती फारशी कुणाला ठाऊक नाही, त्यामुळे तोंडानं "ती घाबरते, जरा लांबून जा" असं सांगावंच लागतं. शाळकरी मुलं हे फार चटकन ऐकतात.

आणि दोन कुत्र्यांची ओळख करून द्यायचीच असेल तर नाकाला नाक लावू नका. रस्त्याच्या दोन कडांनी, एकाच दिशेनं, दोघांना चालवा. दोघंही जमीन हुंगत, सैल अंगानं चालू लागली की थोडं जवळ या. त्या दिवशी तेवढंच करून घरी जा.