पिन निघाली, घड्याळ बाहीत
रंकाळ्यावर सकाळी फिरताना मनगटावरून डायव्हर घड्याळ सुटलं. नशीब, जर्किनच्या बाहीत अडकलं. घड्याळ 200 मीटर खोल पाण्याला दाद न देणारं, आणि चेन धरलेली काडीएवढ्या स्प्रिंग पिनेवर! रोज घालायचो, पण पिन कधी बघितलीच नव्हती. काढली तर टोक घामानं गंजलेलं, आत काळा चिकट मळ. दाबली की वर येईना.

गुजरीजवळचे दुरुस्तीवाले काका म्हणाले, "एक नको, दोन्ही बदल." 22 मिलिमीटर लांबीच्या, स्टेनलेसच्या जाड पिना घेतल्या. घरी सुटी चेन कोमट साबणपाण्यात जुन्या टूथब्रशनं घासली. पाणी तर चहासारखं झालं! घड्याळाच्या डबीच्या कानांना, म्हणजे चेन अडकते त्या टोकांना, ओरखडे नकोत म्हणून चिकटपट्टी लावून पिना बसवल्या. 'टक्' वाजलं, तरी चेन ओढून बघितलीच.