सुई टोचली तर आधी काय करायचं

इमर्जन्सीत सुई टोचते ती बहुतेकदा काम उरकल्यावर. रक्त काढून झालेलं असतं, पेशंट हात झटकतो आणि सुई अजून आपल्याच हातात. नव्या सिस्टरना मी पहिलं हेच सांगते की बोट पिळू नका, तोंडात तर मुळीच घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. ब्लीच वगैरे चोळू नका. मग लगेच इन्चार्जना कळवा. ‘ड्युटी संपू दे, मग बघू’ हे चालायचं नाही. एचआयव्ही टाळणारी पीईपीची औषधं शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायची असतात. पेशंटच्या संमतीने त्याचं रक्त तपासायला पाठवा, स्वतःच्या हिपॅटायटिस-बी लसीची नोंद शोधा. आणि हो, वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. शार्प्सचा, म्हणजे वापरलेल्या सुया-ब्लेड टाकायचा डबा पाऊण भरला की बदला, वरून दाबत बसू नका.