पडलेला जांब उचला, मग औषधाचं बोला

झाडाखाली सडक्या जांबांचा (पेरूंचा) खच पडलेला, आणि घरमालक कृषी केंद्रात उभा राहून फळमाशीवर जालीम औषध मागतोय. दर पावसाळ्यात हेच पाहतो. औषध राहू द्या, आधी खाली वाका. आत्ता, या आठवड्यात. आषाढात जे फळ उचलायचं राहिलं त्यातून पोळ्यापर्यंत माशीच्या दोन-तीन पिढ्या निघतात, आणि मग तुमचंच नाही, अख्ख्या ले-आउटमधलं एकही फळ धड राहत नाही.

ही माशी म्हणजे स्वयंपाकघरात पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटं नव्हेत. जांबावरची फळमाशी साल टोचून आत अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अळ्या निघून गर खाऊ लागतात आणि फळ मऊ पडून गळतं. पडलेल्या फळातून अळी बाहेर येते, दोन-तीन इंच मातीत शिरते आणि कोष करते. आठ-दहा दिवसांनी तिथूनच नवी माशी वर येते. पावसाळी हवेत हा फेरा तीन आठवड्यांच्या आसपास पुरा होतो. अळी गरात, कोष मातीत आणि फवारा पानांवर! पैसे कुठं जातात ते यात आलं.

लोक फळं का उचलत नाहीत? "तिथंच सडून खत होईल." खत होतं, पण आधी माशी होते. उचलणारेही बहुतेक भिंतीपलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर भिरकावतात किंवा घरच्या खतखड्ड्यात टाकतात. माशीला दोन्ही जागा सारख्याच सोयीच्या.

रोज सकाळी, निदान दिवसाआड, गळलेली आणि झाडावरच मऊ पडलेली, डंखाची फळं गोळा करा. दोन फूट खोल पुरा आणि वरची माती दाबा. आपल्या काळ्या मातीत भर पावसात दोन फूट खणणं म्हणजे शिक्षा आहे, हे मान्य. मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा आणि पंधरा दिवस उघडू नका. कचरागाडीत द्यायची असतील तरी बांधूनच द्या. शेजारी कुणाकडे बकऱ्या असतील तर फळं ताजी असतानाच त्यांना घाला. उघडीप मिळाली की झाडाखालची माती खुरप्यानं हलवा. कोष उघडे पडतात आणि साळुंक्या ते वेचतात.

आणि शेजाऱ्याशी बोला. त्याच्या अंगणात सडा पडलेला असेल तर तुमच्या एकट्याच्या साफसफाईनं माशी अर्धीच थांबते.

सापळा लावा, पण कोणता ते बघून. जांब, आंबा, संत्रा यांच्या माशीला मिथाइल युजेनॉल या वासाच्या द्रव्याची गोळी लागते. कारली, दोडकी, ढेमसं, काकडी यांच्या माशीला क्यू ल्यूर. काउंटरवर मात्र जी शिल्लक असेल ती हातात ठेवतात, आणि कारल्याच्या मांडवावर मिथाइल युजेनॉल लावून सापळा रिकामा का म्हणून लोक विचारत बसतात. चार-पाच फुटांवर, सावलीत टांगा. गोळी महिना-दीड महिन्यात बदला. सापळ्यात फक्त नर येतात, अंडी घालणारी मादी बाहेरच असते. म्हणून सापळा लावला तरी फळं उचलणं सुटत नाही.

गोळी नसेल तर प्लास्टिकच्या बाटलीत तुळशीची पानं चुरगळून टांगा. जांबाच्या माशीचे नर त्यावरही येतात, कारण तुळशीतही मिथाइल युजेनॉल असतं. वास एक-दोन दिवसच टिकतो, पण माशी आहे की नाही ते तेवढ्यात कळतं. कृष्णतुळशीवर नर जास्त येतात असा माझा अंदाज आहे. अंदाजच, शिफारस नव्हे.

घरी एक-दोनच झाडं असतील तर फळं लिंबाएवढी झाली की पिशव्या बांधा. वर्तमानपत्राची नको, पहिल्या सरीत लगदा होतो. पावसाळी बहर सरळ तोडून टाकला तरी चालेल. थंडीतला जांब एरवीही जास्त गोड असतो आणि त्याला माशीचा त्रास कमी.

दुकानदार दोन-तीन औषधं एकत्र करून देत असेल किंवा पाण्याच्या बाटलीत सुटं औषध भरून देत असेल, तर तसेच परत या. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला भाजीपाल्यावर बंदी आहे, तरी "जरासं मारा, काही होत नाही" म्हणणारे भेटतातच. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली, त्याला फार काळ लोटलेला नाही. शंका असेल तर किडकं फळ किंवा पान घेऊन नागपुरात महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात जा.

बाकीची कामं थोडक्यात:

- लिंबू, कढीपत्ता: पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या हातानं वेचा.
- जास्वंदावर पिठ्या ढेकूण: शेंडे कापून पिशवीत बांधा. मुंग्यांचा रस्ता तोडा.
- चवळीवर मावा: पाण्याचा जोरदार फवारा. नाही हटला तर 5 टक्के निंबोळी अर्क (50 ग्रॅम निंबोळी पावडर, 1 लिटर पाणी, रात्रभर भिजवून गाळलेलं), संध्याकाळी.
- गोगलगायी: रात्री ओलं पोतं अंथरा, सकाळी खालून वेचून मिठाच्या पाण्यात टाका. हातमोजे घाला. वाफ्यात मीठ टाकू नका.
- कूलर: टाकी रिकामी करून कडा घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडांना चिकटून कोरडी असतानाही महिनोन्महिने टिकतात.

काटोल, कळमेश्वरकडे ज्यांची आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली) संत्री आहेत त्यांच्यासाठी एक सांगतो. कोरोनापासून बांधावर, कुंपणावर गुळवेल फार वाढलीय. संत्र्याचा रस शोषणाऱ्या पतंगाची अळी त्याच वेलीवर वाढते. वेल ठेवायची असेल तर बागेपासून लांब ठेवा. फळं रंगावर येऊ लागली की संध्याकाळी बागेत धूर करा आणि रात्री टॉर्च घेऊन फेरी मारा, कारण हा पतंग दिवसा दिसत नाही. खाली सडणाऱ्या संत्र्यांच्या वासावर तोही येतो, तेव्हा टॉर्चबरोबर एक रिकामी पिशवीही घेऊन जा.