गवळणीला चाल लावायची तर कीबोर्ड कोणता घ्यावा?

दिवाळी सरली की आमच्या वाडीतल्या नमन मंडळाला, म्हणजे कोकणातलं नाच-गाण्याचं लोकनाट्य करणाऱ्यांना, नवी गवळण लागते. शब्द माझे, गळा धाकट्या भाऊजींचा, आणि चाल लागते ती आमच्या पडवीत. आधी सगळं पेटीवर चालायचं. मग कीबोर्ड घेतला, तो पहिल्यांदा फसून. आता गुहागर-शृंगारतळीकडचं कुणी विचारायला आलं की मी त्या फसण्यापासूनच सुरुवात करते.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं. त्यानंतर काही महिन्यांनी मला एक वापरलेला कीबोर्ड स्वस्तात मिळाला. विकणाऱ्यानं पुराचं नावही काढलं नाही. शिमग्यापर्यंत बरा वाजला. मग मधल्या सप्तकातला पंचम हळू दाबला तरी किंचाळायला लागला आणि शेजारचा कोमल धैवत मुकाच झाला. भाऊजींनी मागचे स्क्रू काढले, तर आत पट्ट्यांखाली पिवळसर गाळाची रेघ!

तेव्हा कळलं की प्रत्येक पट्टीखाली रबराची छोटी टोपी असते आणि तिच्यात कार्बनचे दोन काळे ठिपके. पट्टी खाली जाताना एक ठिपका आधी टेकतो, दुसरा जरा नंतर. मधला वेळ कमी, म्हणजे तुम्ही जोरात दाबलीत; जास्त, म्हणजे हळू. ठिपक्यावर घाण बसली की हा हिशेब चुकतो. म्हणून जुना घेणार असाल तर पहिल्या पट्टीपासून शेवटच्यापर्यंत एकेक पट्टी आधी हळू, मग जोरात वाजवा, दुकानदार कंटाळला तरी. आवाजाचं बटण फिरवताना खरखर आली किंवा हेडफोनच्या भोकात हिरवट दिसलं, तर चहा पिऊन घरी या.

नवा घ्यायचा तर ६१ पट्ट्यांचा घ्या. पाच सप्तकं होतात. पेटी तीन-साडेतीनवर थांबते, त्यामुळे चाल लावायला रग्गड. ८८ पट्ट्यांचं धूड आमच्या पडवीत झोपाळा काढल्याशिवाय मावणार नाही. ३२ बारक्या पट्ट्यांचा मात्र पोरांना द्या, त्यावर मोठ्या माणसाची बोटं एकमेकांवर चढतात.

'टच रिस्पॉन्स' आहे ना, हे विचाराच. पेटीवर लहानमोठा आवाज भात्यातून येतो, इथे तो बोटाच्या दाबातून. टच नसेल तर 'कान्हा' हळवा म्हणायचाय की चिडून, हे यंत्राला कळतच नाही. एक गोष्ट मात्र पेटीवाल्यांना सुरुवातीला खटकते. लावून धरलेला स्वर भात्यासारखा मधेच फुगवता येत नाही. त्यासाठी व्हॉल्यूमचा पेडल नाहीतर बटण लागतं. उलट भाता गेला म्हणून डावा हात मोकळा होतो. मी त्यानं नुसता सा-प धरून ठेवते. अर्ध्या चाली मला त्या मोकळ्या हातानं दिल्यात.

दुकानात मला सांगितलं, "वहिनी, ह्यात सहाशे आवाज आहेत."
म्हटलं, "मला पेटीचा ऐकवा आधी."

दुकानदार वाजवून दाखवतो ती डेमोची गाणी ऐकूच नका. तुमची एक जुनी चाल तुम्ही स्वतः वाजवा, ठेका बंद ठेवून. यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेत आणि कॅसिओच्या, नावाशेवटी 'आयएन' असलेल्या मॉडेलांत आपल्याकडचे आवाज आणि ठेके दिलेले असतात, ते सोयीचे आहेत. पण चाल सुचायच्या आधीच ठेका लावलात तर गवळण यंत्राच्या मापानं कापली जाते. मी आधी चाल लावते, मग ताल दादरा की केरवा ते बघते.

आवाज स्वतः घडवायचा नाद असेल तर खरा सिंथेसायझर घ्या. नसेल तर घेऊ नका. मी एकदा शेजारच्याचा घेऊन बसले आणि संध्याकाळभर आवाजच घडवत राहिले, ओळ एक झाली नाही. पिच बेंडचं चाक मात्र हवंच. ते स्वराला सहसा दोन अर्धस्वर वर-खाली ओढतं, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची जी मींड पेटीवर कधीच आली नाही ती इथे थोडीफार येते.

ट्रान्सपोज, म्हणजे बोटं तीच ठेवून सूर वर-खाली सरकवायची सोय, विसरू नका. मला सफाईनं वाजवता येते ती पांढरी एक, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीवर सा धरून; भाऊजी गातात काळी चारमध्ये. उणे चार, म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून चार पट्ट्या खाली, दाबलं की माझी बोटं जागच्या जागी आणि भाऊजी त्यांच्या पट्टीत.

मागे चौकोनी यूएसबी आहे का बघा. फोनला जोडायला ओटीजी, म्हणजे फोनच्या भोकात यूएसबी वायर बसवणारा जोड, लागतो. त्या वायरीतून बहुतेक वेळा आवाज जात नाही, मिडी जातं, म्हणजे कोणती पट्टी कधी आणि किती जोरात दाबली त्याची नोंद. मिडी १९८३ पासून आहे आणि आजही तेच चालतं. फायदा असा, की गाणारा ऐनवेळी बदलला तर सगळं पुन्हा न वाजवता सुराची पट्टी बदलता येते.

आणि आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं, सेलवर चालतो का? काही चांगल्या मॉडेलांना सेलची जागाच नसते. जूनमध्ये वारा सुटला की आमच्याकडे लाईट जाते ती कधी दुसऱ्या दिवशी येते, आणि माझं डोकं नेमकं त्याच रात्री चालतं. गडगडायला लागलं की अडॅप्टर भिंतीतून उपटायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. खाऱ्या हवेसाठी मी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची घडी वर घालते. प्लास्टिकच्या कव्हरात आत घाम धरतो. आठवड्यातून एकदा तरी सगळ्या पट्ट्या वाजवते, गवळण असो नसो.