जुन्या मॅचच्या गप्पांची बैठक नीट कशी जमवायची

चार फुटबॉलवेडे एका जागी बसले की जुन्या गोलचा विषय निघतोच, त्याला काय गाईड लागतंय होय असं तुम्ही म्हणाल. पण बघा की नेहमी काय होतं ते. एकजण म्हणतो मॅराडोना तो मॅराडोना, दुसरा म्हणतो पेलेपुढं सगळे फिके, तिसरा मोबाईल काढून मेस्सीचं रील लावतो आणि मग सगळे माना खाली घालून आपापल्या स्क्रीनमध्ये. झाल्या गप्पा. नुसती नावं घेऊन आणि "काय खेळला लेका" म्हणून आठवण निघत नसते, बॉल कुठनं आला, कुणी सोडला, कुणाला चुकवून गेला हे सांगता आलं तर ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. त्यासाठी थोडी तयारी लागते.

आधी माणसं. पाच-सहा पुरेत, दहा झाले की दोन ग्रुप पडतात आणि एक ग्रुप क्रिकेटवर जातो. सांगली-मिरजेत ब्राझीलवाले आणि अर्जेंटिनावाले शोधायला लागत नाहीत, इंग्लिश लीगसाठी रात्र रात्र जागणारी कॉलेजची पोरं पण मिळतात. एखादे साठीच्या पुढचे काका पाहिजेत, शक्यतो स्वतः खेळलेले. आणि ज्या मॅचबद्दल बोलणार त्यात हरलेल्या टीमचा एकतरी माणूस पाहिजेच पाहिजे, हे विसरू नका. जिंकणाऱ्याला गोल आठवतो, पण त्याच्याआधी मार्किंग सोडून कोण उभा होता ते हरणाऱ्यालाच आठवतं, आणि ते अगदी आतनं आठवतं.

जागा म्हणजे गच्ची बेस्ट. कृष्णेचा घाट संध्याकाळी छान वाटतो पण तिथं ओळखीचा माणूस दर पाच मिनिटाला थांबून "काय चाललंय" विचारतो, आणि चहाच्या गाड्यावर निवांत बसता येत नाही, मालक बघायला लागतो. गच्चीवर चटई टाका, भडंग, चिरलेला कांदा, लिंबू, थर्मासमध्ये चहा. भडंगात शेंगदाणे जरा जास्त घाला, ते पुढं लागणार आहेत. मोबाईल सगळ्यांचे एका पिशवीत, यावर कुरकुर होणार, होऊ द्या.

आता मेन गोष्ट. एका बैठकीला एकच मॅच. "सगळ्यात भारी गोल कुठला" असा विषय ठेवला की नुसती भांडणं होतात, त्यातनं काही निघत नाही. समजा 2022 ची वर्ल्ड कप फायनल घेतली, कतारमधल्या लुसेलची, अर्जेंटिना आणि फ्रान्स, 3-3 आणि मग पेनल्टीत अर्जेंटिना 4-2. सगळे पळत सुटणार त्या शेवटच्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या गोलकीपरनं, मार्टिनेझनं, पाय घालून फ्रान्सच्या कोलो मुआनीचा बॉल अडवला त्यावर, तो तर पोरासोरांना पण पाठ आहे. तुम्ही विचारायचं, 36 व्या मिनिटाचा डी मारियाचा गोल सांगा कसा झाला. लगेच शांतता. मग शेंगदाणे काढायचे आणि चटईवर मांडायचे, हा मेस्सी मधल्या रेषेजवळ, हा अल्वारेझ, हा मॅक अ‍ॅलिस्टर, आणि तो लांब डावीकडं मोकळा डी मारिया. मेस्सीनं एका टचमध्ये अल्वारेझकडं ढकलला, त्यानं न थांबवता पुढं सोडला, मॅक अ‍ॅलिस्टर पळत आला आणि स्वतः मारायच्या ऐवजी आडवा डावीकडं दिला, आणि डी मारियानं फ्रान्सचा गोलकीपर लोरिस याच्या वरनं टाकला. शेंगदाणे सरकवताना वाद होणार, कोण म्हणणार मेस्सी आणखी मागं होता, कोण म्हणणार अल्वारेझ इकडं नव्हताच. हाच वाद तर पाहिजे, या वादात प्रत्येकजण डोळे मिटून ती मॅच परत बघत असतो. शेंगदाणे खायचे मात्र गोल झाल्यावर.

सांगणाऱ्याला प्रश्न कसे विचारायचे तेही जरा शिकून घ्या. "मग काय झालं" असं विचारू नका, "पास कुणी दिला" असं विचारा. 1986 च्या वर्ल्ड कपमधला मॅराडोनाचा इंग्लंडविरुद्धचा दुसरा गोल सगळ्यांना माहितीये, अर्ध्या ग्राउंडातनं एकटा नेला म्हणून. पण त्याला बॉल दिला कुणी? हेक्टर एन्रिकेनं, आणि तो नंतर गमतीनं म्हणायचा की एवढा भारी पास दिल्यावर गोल व्हायलाच पाहिजे होता. वास्तविक दोन पावलांवरचा साधा पास, तोही स्वतःच्याच हाफमध्ये! त्याच मॅचमधला आधीचा, हातानं घातलेला गोल 51 व्या मिनिटाला आणि हा 55 व्या, म्हणजे चार मिनिटात लबाडी पण आणि जादू पण. आपल्याकडं तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेलेले, त्यामुळं दूरदर्शनवर बघितलेल्या काकांना गोलबरोबर घरच्यांच्या शिव्या पण आठवतात, त्या पण ऐकून घ्या.

साल आठवत नसेल तर गावातली गोष्ट धरून मागं जायचं, हे एकदम खात्रीचं आहे. लिव्हरपूलची इस्तंबूलची चॅम्पियन्स लीग फायनल कधीची? महापुराच्या वर्षाची, 2005 ची, मे महिन्यात मॅच आणि पाऊसकाळात पूर. हाफटाइमला मिलान 3-0 पुढं, मग लिव्हरपूलचा कोच बेनिटेझनं हामानला आत घेतला, मिलानच्या काकाला (हा ब्राझीलचा खेळाडू, आपले काका नव्हेत) कुणीतरी धरायला पाहिजेच होतं, त्यामुळं जेरार्ड वर जायला मोकळा झाला आणि सहा मिनिटात तीन गोल. जेरार्डचं हेडर, श्मित्सरचा लांबनं, अलोन्सोची पेनल्टी मिलानचा गोलकीपर डिडानं अडवली तर रिबाउंडवर परत तोच. पुढं लिव्हरपूलचा गोलकीपर दुडेकनं मिलानच्या शेवचेंकोचे लागोपाठ दोन शॉट जवळनं अडवले आणि शेवटी पेनल्टीत पण त्याचीच अडवली. नंतर 2019 ला परत महापूर आणि परत लिव्हरपूल चॅम्पियन, त्यामुळं आपल्याकडच्या लिव्हरपूलवाल्यांनी पूर आला की कप येतो अशी थिअरी काढायला हरकत नव्हती, पण 2021 ला पूर आला आणि कप चेल्सीनं नेला, थिअरी तिथंच बुडाली.

हरलेल्या मॅचना पण पाळी द्या. ब्राझीलवाल्यांची बैठक नेहमी 2002 च्या वर्ल्ड कप फायनलवर जाऊन थांबते, रिव्हाल्डोनं दोन पायांमधनं बॉल सोडून दिला आणि मागनं रोनाल्डोनं मारला तो गोल, तो आहेच तसा, मारलेल्या शॉटपेक्षा न मारलेल्या शॉटचं कौतुक व्हावं असा. पण त्यांना 2014 ला जर्मनीकडनं खाल्लेली 7-1 पण सांगायला लावा. चिडवायला नाही हं. 23 ते 29 व्या मिनिटात चार गोल खाल्ले तेव्हा घरात कोण उठून बाहेर गेलं, कोण टीव्ही बंद कर म्हणालं, हे सांगताना माणूस खरं बोलतो. चिडवाचिडवी सुरू झाली की चहा ओतायचा, बाकी उपाय नाही.

सगळं बोलून झाल्यावरच पिशवीतनं एक मोबाईल बाहेर. व्हिडिओ लावायचा तो गोलच्या आधीच्या अर्ध्या मिनिटापासनं, हायलाइटमधला तुटका तुकडा नको, आणि आवाज बंद, नाहीतर कॉमेंट्रीवाला सगळ्यांच्या डोक्यात आपली आठवण घालतो. शेंगदाण्यांची मांडणी कुठं चुकली ते बघा, हसा, विषय संपवा.

काकांची पाळी मात्र वेगळी. त्यांना आधी 1962 विचारा, जकार्ता, एशियन गेम्सची फायनल. दक्षिण कोरियाकडनं पहिली मॅच 0-2 हरलेला भारत फायनलला त्यांनाच 2-1 हरवतो, एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलसिंगचा, आणि हा जर्नेलसिंग मुळात डिफेंडर, डोक्याला टाके पडलेले, म्हणून कोच रहीमसाहेबांनी त्याला पुढं फॉरवर्डला खेळवला. याच्यावर काका खुलतात. मग हळूच त्यांच्या स्वतःच्या दिवसांवर या, मिरजेतल्या मॅच, कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ या तिथल्या टीमच्या मॅच बघायला गेलेले दिवस. यातलं बरंचसं कुठल्याही व्हिडिओत नाही, त्यामुळं इथं मोबाईल बाहेर काढून रेकॉर्डिंग चालू करायचं, त्यांना सांगून करायचं, चोरून नाही. जवळ पंखा असेल तर बंद करा, फोन त्यांच्या जवळ ठेवा. विचारायचं काय, तर तुम्ही कुठं बसलेला, ग्राउंड ओलं होतं का, बॉल कुठल्या पोलकडनं आत गेला, शेजारी कोण ओरडत होतं. स्कोअर चुकला तरी मध्ये टोकू नका, टोकलं की ते बंद होतात. तीच मॅच दुसऱ्या एखाद्या आजोबांना वेगळ्या दिवशी विचारा, दोघांचं जे जुळतं ते बहुधा खरं असतं आणि जे जुळत नाही ते जास्त मजेशीर असतं. फाइलला साल, टीम, ग्राउंड अशी नावं त्याच रात्री द्या, नंतर देतो म्हणलं की राहतंच. आणि व्हॉट्सॲपवर टाकायच्या आधी काकांना एकदा ऐकवा, रेफ्रीबद्दल ते काय काय बोलून गेलेले असतात.

पुढच्या बैठकीची मॅच तिथंच ठरवून उठा, आणि ती निवडायचा मान आज ज्याची टीम हरलेली त्याला द्या, म्हणजे तो परत यायला टाळत नाही.