कर्करोग संशोधनाच्या नव्या सॉफ्टवेअरसाठी अनुदानाचा अर्ज

अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचा आयटीसीआर (इन्फर्मॅटिक्स टेक्नॉलॉजी फॉर कॅन्सर रिसर्च) हा कार्यक्रम कर्करोग संशोधनाला लागणाऱ्या संगणकीय साधनांना त्यांच्या वयानुसार पैसा देतो. नवी पद्धत किंवा अल्गोरिदम तपासून पाहण्यासाठी आर२१ हा अनुदानप्रकार, चालत असलेल्या कल्पनेचे इतरांना वापरता येईल असे सॉफ्टवेअर करण्यासाठी यू०१, आणि पुढे ते वाढवण्यासाठी व टिकवण्यासाठी यू२४ असे त्याचे टप्पे आहेत.

आपला टप्पा अर्जदाराने प्रामाणिकपणे ठरवावा. अल्गोरिदम अजून स्वतःच्या प्रयोगशाळेबाहेरच्या माहितीवर चालवून पाहिलेला नसेल, तर आर२१चाच विचार करावा. बाहेरचे संशोधक प्राथमिक आवृत्ती मागू लागले असतील, तर यू०१ योग्य ठरते.

अर्जाचा कणा मात्र सॉफ्टवेअर नव्हे, कर्करोगाचा प्रश्न असावा. या आग्रहामागे इतिहास आहे. याच संस्थेने २००४ मध्ये सुरू केलेल्या कॅबिग या महाकाय प्रकल्पावर कोट्यवधी डॉलर खर्च झाले, परंतु २०११ मधील समीक्षा अहवालाने त्यावर ठपका ठेवला की संशोधकांच्या गरजेपेक्षा तंत्रज्ञानालाच त्यात अधिक महत्त्व मिळाले, आणि प्रकल्प गुंडाळला गेला. म्हणून उद्दिष्टांच्या एका पानात पहिल्या परिच्छेदातच कोणता प्रश्न आज सुटत नाही, तो कोणाला पडला आहे आणि उपलब्ध साधने नेमकी कुठे कमी पडतात हे लिहावे. ‘असे साधन आजवर नाही’ हे विधान समीक्षकांना क्वचितच पटते. सीबायोपोर्टल (कर्करोगाची जनुकीय माहिती पाहण्याचे संकेतस्थळ), आयजीव्ही (जनुकीय माहिती दाखवणारे साधन) किंवा थ्रीडी स्लायसर (वैद्यकीय प्रतिमांचे सॉफ्टवेअर) यांसारख्या प्रचलित साधनांशी आपले साधन कसे जोडले जाईल, हे सांगणारा अर्ज अधिक भरवशाचा वाटतो.

प्राथमिक पुराव्यासाठी स्वतःचे रुग्णनमुने असलेच पाहिजेत असे नाही. टीसीजीए (द कॅन्सर जीनोम ॲटलास) या संशोधकांसाठी उपलब्ध माहितीसंग्रहात ३३ प्रकारच्या कर्करोगांची माहिती आहे. तिच्यावर साधन चालवून मिळालेले निष्कर्ष, तसेच ते जिथे चुकते त्या जागाही, दाखवाव्यात. चुका लपवणारा तक्ता अनुभवी समीक्षक लगेच ओळखतो. कर्करोगाचा अभ्यास करणारा सहकारी केवळ पाठिंब्याचे पत्र देणारा नसावा. कोणत्या महिन्यात त्याची प्रयोगशाळा साधन वापरून पाहील आणि तिचे अभिप्राय पुढच्या आवृत्तीत कसे उतरतील, हे योजनेत लिहिलेले असावे. स्रोत-संकेत (सोर्स कोड) कोणत्या परवान्याखाली खुला होईल, सूचनापुस्तिका कोण लिहील आणि चाचण्या कशा होतील, हेही त्याच ओघात यावे.

खर्चाच्या बाबतीत, यू०१साठी अर्ज मागवणाऱ्या आजवरच्या सूचनांमध्ये थेट खर्चाची (प्रकल्पावरच होणाऱ्या खर्चाची) मर्यादा वर्षाला ३ लाख डॉलर आणि मुदत कमाल ३ वर्षे अशी राहिली आहे. तरीही सूचनांची मुदत संपते व अटी बदलतात, त्यामुळे चालू सूचनाच आधार मानावी. ‘यू’ प्रकारचे अनुदान सहकार-करार असल्याने नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचे अधिकारी कामात प्रत्यक्ष सहभागी होतात. म्हणूनच मसुदा पुरा होण्याची वाट न पाहता, उद्दिष्टांचे पान प्रोग्रॅम ऑफिसरला (कार्यक्रम पाहणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याला) पाठवून विषय कार्यक्रमात बसतो का, हे आधीच विचारावे.

अर्जदार संस्थेची सॅम (अमेरिकी सरकारची नोंदणी प्रणाली) आणि ईआरए कॉमन्स (अनुदान अर्जांची ऑनलाइन प्रणाली) यांवरील नोंदणी पूर्ण व्हायला ६ आठवडे किंवा त्याहून अधिक लागू शकतात. अर्ज सादर झाल्यावर तो तपासायला कामकाजाचे दोन दिवस मिळतात, पण शेवटच्या दिवशी अर्जदार संस्थेच्या स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी ५ नंतर केलेली दुरुस्ती उशिरा आलेली मानली जाते. तेव्हा किमान तीन दिवस आधी सादर करावे.