आंब्याखालच्या कोरड्या सावलीत काय लावावं?

सांगलीत आमच्या परसात आजोबांनी लावलेला आंबा आहे. त्याच्याखाली मी तीन पावसाळे हरळी लावून पाहिली आणि तिन्ही वेळा दिवाळीपर्यंत नुसती माती उरली. मी सावलीला दोष देत राहिले. तिथे प्यायला पाणीही नव्हतं, हे फार उशिरा कळलं.

म्हणून रोपं आणण्याआधी जागा तपासा. मे महिन्यात भर दुपारी झाडाखाली उभं राहा. जमिनीवर उन्हाचे कवडसे हलत असतील तर सावली विरळ, एकही नसेल तर दाट. कडुनिंब उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळतो, तेवढे दिवस खाली ऊन मिळतं. आंब्याखाली बारमाही सावली. मग पावसाची एखादी सर येऊन गेली की बुंध्याजवळ खुरप्यानं चार बोटं उकरून बघा. हलकी सर पानांवरच अडकते आणि तिथूनच वाळून जाते. अंगण भिजलेलं असतं, पण बुंध्याजवळ धूळ निघते. थोडीफार ओल खाली पोचलीच तर झाडाची बारीक मुळं ती ओढून घेतात, कारण त्यांतली बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच पसरलेली असतात.

आता निवड. नर्सरीत 'सावलीतलं रोप द्या' म्हटलं की हमखास फर्न हातात पडतं, आणि फर्नला तर सतत ओल लागते. मी रोप बघताना एवढंच बघते, की याच्याकडे स्वतःचं पाणी साठवायची सोय आहे का? स्नेक प्लांटच्या जाड पानांत ती असते. झेडझेड प्लांटला मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात. स्पायडर प्लांटची पांढरी, गुबगुबीत मुळं उपटून बघा म्हणजे कळेल. शतावरीला मुळ्यांचा घोसच असतो. मे-फ्लॉवर माझं सर्वांत लाडकं: हिवाळ्यात पानं वाळतात, कांदा मातीत झोपून राहतो आणि मे महिन्यात अचानक तांबडा गोल तुरा वर येतो. मात्र त्याचा कांदा आणि झेडझेड, दोन्ही विषारी. लहान मुलं आणि गुरं यांच्यापासून लांब लावा.

सावलीच्या कडेला, जिथे थोडे कवडसे पडतात, तिथे अडुळसा लावा. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. आणि आपल्या सांगलीत हळद विसरून कसं चालेल? 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. अक्षय तृतीयेच्या सुमारास चार जेठे गड्डे, म्हणजे हळदीचे मुख्य मोठे कंद, कडेला लावा. शेतासारखं उत्पन्न मिळणार नाही आणि दिवाळीनंतर थोडं पाणीही द्यावं लागेल, पण उन्हाळ्याआधी पानं वाळून ती आपली आपण विश्रांतीला जाते. गुलाब, जास्वंद, शेवंती इथे नकोतच.

हळद सोडून बाकीची लागवड मृगाचा पाऊस झाल्यावर करा. छोट्या पिशवीतली रोपं घ्या, त्यांना खड्डाही लहान पुरतो. कुदळ अजिबात चालवू नका. खुरप्याला अंगठ्याएवढं मूळ लागलं तर ते तोडू नका, खड्डा वीतभर बाजूला सरकवा. खड्ड्यात मूठ-दोन मुठी कुजलेलं शेणखत पुरे. मुळांना जागा मिळावी म्हणून बुंध्याभोवती पोयट्याचा ढीग टाकणारे बरेच जण आहेत. कृपा करून तसं करू नका, त्यानं झाडाची मुळं गुदमरतात आणि साल कुजते. वीस-तीस वर्षांचं झाड पुन्हा उभं करता येत नाही.

पाऊस संपला की पहिली दोन वर्षं आठवड्यातून दोनदा, पण मुळापर्यंत पोचेल असं पाणी द्या. गळलेला पाला जाळू नका. तो रोपांमध्ये चार बोटं जाड पसरा, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवून. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्या या पाल्यानं बऱ्याच थांबतात.

पहिल्या वर्षी रोपं जागची हलणार नाहीत, उपटू नका. स्पायडर प्लांटला लोंबती पिल्लं यायला लागली, की ती पुढच्या पावसाळ्यात काढून शेजारच्या मोकळ्या जागेत टोचत चला.